प्रोफेसर लेटन, सात महिन्यांनंतर: पैसे वसूल, पण भाषांतर करताना जीव जातो

'प्रोफेसर लेटन अँड द क्युरिअस व्हिलेज' हा फोनवरचा कोड्यांचा गेम विकत घ्यावा लागतो म्हणून मी दोन आठवडे हात आखडला होता. त्याआधी फुकटातले डिटेक्टिव्ह गेम खेळलो. चार वस्तू शोधल्या की एनर्जी संपते, मग जाहिरात बघा नाहीतर पैसे भरा. इथं पैसे एकदाच गेले. डाउनलोड झाल्यावर नेट लागत नाही. जुलैत जांबोटीला लाईट आणि रेंज दोन्ही नसतात, त्यामुळे माझ्यासाठी हीच मोठी गोष्ट.

गेम मूळचा २००७ चा, फोनवर २०१८ मध्ये आला. कोड्यांमागे अकिरा तागो हे जपानी मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि ते जाणवतं.

पहिल्या महिन्यात मी चिडलो होतो. गावात खून पडतो आणि भेटेल तो माणूस आगकाड्यांचं कोडं घालतो. तपासाशी त्याचा संबंध काय? शोधकथा म्हणून गेम कच्चा आहे, हे मत आजही कायम आहे.

पण खरा त्रास वेगळाच. रात्री मी गेममधली इंग्रजी कोडी आईला मराठीत सांगतो. बरीच कोडी शब्दांच्या खोचेवर उभी आहेत. जसंच्या तसं सांगितलं तर तिला कळत नाही, सोपं करून सांगितलं तर खोच माझ्याच तोंडून फुटते. अर्धवट सांगितलं की उत्तर चुकतं आणि पिकारॅट, म्हणजे कोड्याचे गुण, कापले जातात. ते गुण माझ्या सांगण्यानं गेले, याची मला फार रुखरुख लागते. आई प्रत्येक वेळी म्हणते, "परत वाच की, सावकाश." हिंटची नाणी चित्रात शोधून साठवायची असतात, तीही मी अशा कोड्यांवरच घालवली.

मग लांडगे आणि पिल्लांचं कोडं आलं. तीन लांडगे, तीन पिल्लं, सगळ्यांना नदीपलीकडे न्यायचं, तराफ्यावर दोघंच मावतात, आणि कुठल्याही काठावर लांडगे पिल्लांपेक्षा जास्त झाले की पिल्लं गेली. मी तासभर अडकलो. आईनं तीन चिंचोके आणि तीन हरभरे मांडले, तराफा म्हणून काडेपेटीचं झाकण. मधे एकदा पलीकडून एक लांडगा आणि एक पिल्लू, दोघांनाही परत आणावं लागतं. मला ते उलटं जाणं वाटत होतं. ती म्हणाली, "नाव रिकामी परत येते होय रे? कुणीतरी आणायलाच पाहिजे की." अकरा फेऱ्यांत सुटलं. अकरापेक्षा कमी फेऱ्यांत ते सुटतच नाही.

त्या रात्रीपासून गेमवरचा माझा राग गेला. विकत घ्या, मला एका पैशाचंही वाईट वाटत नाही. घरच्यांबरोबर खेळणार असाल तर काड्यांची आणि ठोकळे सरकवायची कोडी त्यांच्यासाठी राखून ठेवा, तिथं भाषांतर लागत नाही. शब्दांची कोडी आधी स्वतः दोनदा वाचा, मगच तोंड उघडा.