साताऱ्यातल्या घरी एमडी-८२: ‘मॅडडॉग एक्स’चा अनुभव

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या संगणकावर विमान उडवण्याच्या खेळासाठी लिओनार्डो सॉफ्टवेअर हाउसने तयार केलेले ‘मॅडडॉग एक्स’ हे एमडी-८२ या प्रवासी जेट विमानाचे प्रतिरूप, ज्यांना विमान खरोखर हाताने उडवायचे आहे, त्यांनी अवश्य घ्यावे. १९७९ साली प्रथम उडालेल्या एमडी-८० मालिकेतील या विमानाचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे शेपटीवरचे फलक) मुख्यतः केबलने हलणाऱ्या छोट्या टॅबांवरील, म्हणजे त्यांच्या कडेच्या लहान पट्ट्यांवरील, हवेच्या दाबाने फिरतात. त्यामुळे नियंत्रण-दांडा मागे ओढल्यावर नाक क्षणभर उशिराने उचलले जाते, आणि हा जडपणा इथे इतका नेमका उतरला आहे की आधुनिक एअरबसची सवय असलेल्या हाताला तो नव्याने शिकावा लागतो. शेपटीजवळच्या जेटी८डी इंजिनांचा जोरही सावकाश वाढतो, म्हणून उतरताना थ्रॉटल (इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे घेऊन निश्चिंत राहता येत नाही.

सरावासाठी पुणे ते गोवा हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. साताऱ्याच्या परिसरातून दक्षिणेकडे जाताना उजवीकडे कोयनेचा शिवसागर जलाशय दिसतो (आम्हा सातारकरांना त्याचे अप्रूप अधिकच), पण अंतर थोडे असल्याने उंची गाठताच उतरण्याची तयारी सुरू करावी लागते. जॉयस्टिक मात्र हवीच. निव्वळ कीबोर्डवर हे विमान उडवण्यात अर्थ नाही.