खेत्रीचं म्हणून घेतलेलं निळं खनिज

दगड-खनिजं गोळा करणाऱ्यांनी, विशेषतः नव्याने सुरुवात केलेल्यांनी, हे जरूर वाचावं. माझे 18,500 रुपये गेले आहेत.

मी पुण्यात वाढलो. वाघोलीच्या खाणींतली कॅव्हनसाइट, स्टिल्बाइट ही खनिजं शाळेपासून जमवतोय. पण कॅव्हनसाइटची निळाई व्हॅनेडियमची, तांब्याची नव्हे. तांब्याचं एखादं अस्सल निळं खनिज संग्रहात असावं, असं फार दिवस मनात होतं. ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. त्याने फोटो पाठवला: काळ्या दगडावर बोटाच्या पेराएवढे गडद निळे स्फटिक. "चाल्कँथाइट आहे, राजस्थानातल्या खेत्रीच्या जुन्या खाणीतलं. असा तुकडा पुन्हा मिळायचा नाही." सोबत एक्स-रे तपासणीचा रिपोर्ट, तांबं आणि गंधक दाखवणारा. तो पाहून मी निर्धास्त झालो आणि यूपीआयने पैसे पाठवले.

रिपोर्ट खोटा नव्हता, मेख तिथेच आहे. चाल्कँथाइट म्हणजे कॉपर सल्फेट, आपलं मोरचूद. ते खाणीत तयार झालेलं असो की घरी बरणीत वाढवलेलं, त्या तपासणीत दोन्ही सारखंच दिसतं. संग्राहक पैसे मोजतो ते निसर्गात घडलं म्हणून आणि अमुक खाणीतलं म्हणून. रिपोर्टात त्याबद्दल अक्षरही नव्हतं.

दिवाळीत निफाडहून मामा आले. त्यांची द्राक्षबाग आहे. कपाटाकडे बघून म्हणाले, "अरे, मोरचूद शोभेला का ठेवलंयस?" बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे बागेवरच्या बुरशीनाशक फवारणीसाठी, शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना हे त्यांच्या हातातलं काम. त्यांनी एक कण वाटीतल्या पाण्यात टाकला. पाणी निळं झालं. मग त्यात लोखंडी खिळा बुडवला, मिश्रणात चुना पुरेसा पडलाय का हे बघायला ते विळा बुडवतात तसा. थोड्या वेळाने खिळा बाहेर काढला तर तांबूस झालेला, त्यावर तांबं चढलं होतं.

अस्सल चाल्कँथाइटही असंच विरघळतं, म्हणून एवढ्यावर मी थांबलो नाही. तुकडा उलटा करून भिंग लावलं. खाली काळा बेसॉल्ट, त्यात झिओलाइटचे पांढरे ठिपके. आपल्या सह्याद्रीचा दगड! खेत्रीचं तांबं शिस्ट आणि क्वार्टझाइट या वेगळ्याच दगडांमध्ये सापडतं. शिवाय छिन्नीने ताज्या फोडलेल्या कडांवरही स्फटिक चढलेले होते, म्हणजे दगड फोडल्यानंतर ते त्यावर वाढवलेले. जो दगड मी लहानपणापासून हाताळतोय, त्याच्याकडेच मी पाहिलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा स्फटिकाआधी त्याखालचा दगड बघा. तो सांगितलेल्या खाणीशी जुळतो का, तुकडा कुणी आणि कधी काढला, हे विचारा. चाल्कँथाइट चिलीच्या चुकिकामातासारख्या कोरड्या वाळवंटात टिकतं, पावसात उघड्यावर राहत नाही. आणि मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. परवा तसेच चार तुकडे दुसऱ्या नावाने विक्रीला आलेले दिसले. या वेळी खेत्रीऐवजी मध्य प्रदेशातल्या मलाजखंड या तांब्याच्या खाणीचं नाव लिहिलंय. दगड तोच, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा.