ठकीचा काटा : बाळांचा डिजिटल वजनकाटा, म्हाताऱ्या मांजरासाठी दीड वर्ष वापरल्यावर

काटा फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑनलाइन मागवला, १,६५० रुपयांना. तान्ह्या बाळांसाठी मिळतो तो. वर खोलगट ताट, खाली चार रबरी पाय, समोर आकड्यांची खिडकी. २० किलोपर्यंत वजन घेतो आणि ५ ग्रॅमचाही फरक दाखवतो. तीन पेन्सिल सेलवर चालतो. आमच्या घरात तेव्हा बाळ नव्हतं. सोळाव्या वर्षात असलेली मांजर होती, ठकी, आणि तिच्या किडन्या कामातून जात चालल्या होत्या.

मी एकतीस वर्षं मालाड पूर्वेला अंगणवाडी सेविका होते. ठकी मला तिथेच मिळाली, २००८ च्या पावसाळ्यात, आहाराच्या पोत्यांमागे. उंदरांमुळे ठेवून घेतली, मग सुट्टीत उपाशी राहील म्हणून घरी आणली, ती घरचीच झाली. वजनकाट्याबद्दल मी जे लिहितेय ते थोडं जास्त बारकाईनं लिहीन, कारण माझा जन्म त्यात गेला. आधी तो छताला टांगायचा साल्टर काटा होता, मूल चड्डीसारख्या झोळीत घालून लोंबकळवायचं, मूल किंचाळायचं, आणि काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा दाखवायचा. वजन घेतलं की वाढीच्या तक्त्यावर टिंब द्यायचं. हिरवा पट्टा, पिवळा, केशरी. प्रशिक्षणात बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, टिंब कुठल्या पट्ट्यात आहे ते आईला सांगा, पण तुम्ही स्वतः टिंबं जोडणारी रेष बघा. हिरव्यात असलेलं मूलसुद्धा तीन महिने खाली उतरत असेल तर त्याच्या घरी जा.

ठकीची रेष मात्र मी बघितली नाही. ती पाणी जास्त प्यायला लागली होती, मोरीतल्या बादलीवर चढून प्यायची, आणि तिच्या ट्रेमधली माती दिवसाला दोनदा बदलावी लागायची. उन्हाळा असेल म्हणून सोडून दिलं. पाठीवरून हात फिरवताना मणके लागले तेव्हा डॉक्टरकडे नेली. त्यांच्या जुन्या कार्डावर दोन वर्षांपूर्वीच्या लसीच्या वेळचं वजन होतं ३.९००. आता भरलं ३.४२०. मला अर्धा किलो म्हणजे काहीच वाटलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, साठ किलोच्या माणसाचं सात किलो उतरलं असं समजा." रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, ३.६ निघालं. मांजरांच्या किडनीच्या आजाराचे चार टप्पे धरतात, २.९ ते ५ म्हणजे तिसरा, ५ च्या पुढे चौथा. किडनीचं निम्म्याहून कितीतरी जास्त काम बंद पडेपर्यंत मांजर काही दाखवत नाही, पण वजन मात्र आजार कळायच्या आधीपासूनच, कधी दोन-तीन वर्षं आधीपासून, उतरत असतं. हे ऐकून मी घरी आले आणि त्याच रात्री काटा मागवला.

माणसांचा काटा का नको, असं मुलानं विचारलं. मांजराला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. आमच्याकडचा काटा शंभर ग्रॅमच्या पायऱ्यांनी चालतो. तीन किलोच्या जिवाला शंभर ग्रॅम म्हणजे माणसाचे दोन किलो. त्यात महिनाभराची उतरण लपून जाते. तेव्हा घ्यायचाच असेल तर बाळांचाच काटा घ्या, ५ किंवा १० ग्रॅमचा.

आल्या आल्या मी मिठाची एक किलोची पिशवी ठेवून बघितली. १.००५. पिशवीचं प्लास्टिक धरलं तर अगदी बरोबर. मात्र आमच्या घरातल्या शहाबादी फरशीवर, जिथे फरशी खालीवर आहे, तिथे तोच काटा वीस-तीस ग्रॅम कमी दाखवायचा. जागा एकच ठरवा. मी शिलाई मशीनजवळ खडूनं चार पायांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. ताट गुळगुळीत आहे, मांजराचे पाय घसरतात आणि ते घाबरून उडी मारतं. मी जुन्या नऊवारीचा चौपदरी तुकडा घालायचे, शून्याचं बटण दाबायचं आणि मग ठकीला ठेवायचं. चौथ्या-पाचव्या रविवारी ती आपणहून चढायला लागली. साडीला माझा वास असेल. वजन झालं की आपणच उतरायची आणि मशीनवर जाऊन उन्हात बसायची.

आता दोष सांगते. हा काटा साठ सेकंदांत आपोआप बंद होतो, आणि बंद झाला की शून्य विसरतो. परत चालू केला की कापडाचं वजन आत धरतो, पण खिडकीवर तसं काहीच दिसत नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी कापड घातलं, शून्य केलं, तेवढ्यात दार वाजलं. दूधवाल्याचा हिशेब करून आले, बटण दाबलं, ठकीला ठेवलं. ३.१४०! आदल्या आठवड्याला २.९६० होतं. एकशे ऐंशी ग्रॅम वाढ. मी मुलाला कामावर फोन केला. बाजारात जाऊन ओले बोंबील आणले. वहीत आकड्याभोवती लाल पेनानं गोल केला. पुढचे सहा दिवस मी त्या आकड्यावर काढले. ठकी ओकत होती तरी मला वाटत होतं की हे जातंय, सुधारतेय.

पुढच्या रविवारी २.९३५.

कापड वेगळं ठेवून बघितलं तेव्हा समजलं. दोनशे पाच ग्रॅम. मुलांचं वजन घेताना मी आयांना किती वेळा म्हटलं असेल, बाई, पायातले वाळे काढ, स्वेटर काढ, तू आकड्याला फसवशील पण लेकराला नाही. त्या रात्री मला त्या सगळ्या आया आठवल्या. त्या खोटं वागत नव्हत्या. त्यांना फक्त या महिन्यात तरी घरी जाताना बरं वाटायला हवं होतं.

दुसरी फसगत सलाईनची. डिसेंबरपासून एक दिवसाआड ठकीला घरीच कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टरांनी शिकवलं. रिंगर लॅक्टेटची बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर ओढायची, सुई आडवी घालायची, शंभर मिली सोडायचं. तिथे लिंबाएवढा फुगवटा येतो, मग तो हळूहळू एका पायाकडे ओघळतो आणि काही तासांत मुरतो. शंभर मिली म्हणजे शंभर ग्रॅम. सलाईननंतर वजन केलंत तर मांजर एका रात्रीत धष्टपुष्ट दिसेल. वजन सलाईनच्या आधी, सकाळच्या खाण्याच्या आधी, आणि वार ठरलेला. (एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण आमच्या चाळीत घडता घडता राहिली. मांजराला दुखतंय असं वाटलं तर घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. चतकोरही नाही. मांजराला ते विष आहे.)

आकडे असे गेले. मार्चमध्ये २.७४०. जूनमध्ये २.५२०. क्रिएटिनिन ६ च्या वर, म्हणजे चौथा टप्पा. भूक लागायची गोळी, ओकारीची गोळी, सगळं सुरू होतं. मी डॉक्टरांना विचारलं, कितीवर आलं की थांबायचं? मला एक आकडा हवा होता. अंगणवाडीत आकडा होता. दंडाचा घेर अमुकच्या खाली भरला की मूल दवाखान्यात पाठवायचं, विचारायचं काम नाही.

डॉक्टरांनी आकडा दिला नाही. एक कागद दिला. अॅलिस विलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये तयार केलेली पद्धत आहे ती. सात गोष्टी : वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर ठीक चाललंय. त्या म्हणाल्या, गुण तुम्ही वेगळे द्या, मुलाला वेगळे द्यायला सांगा, एकमेकांचे बघू नका. शिवाय ठकीच्या जिवाच्या तीन गोष्टी लिहून ठेवा. त्यातल्या दोन गेल्या की मला फोन करा.

आम्ही लिहिलं : सकाळी मशीनवरचं ऊन. बोंबील साफ करताना पायात घोटाळणं. आणि जिन्यात माझ्या चपला वाजल्या की दाराशी येणं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझे गुण होते एकेचाळीस आणि मुलाचे बत्तीस. त्यावरून आमचं भांडण झालं. तो म्हणाला, "आई, तू तिला 'आनंदा'चे सात दिलेस. ती आनंदात कधी होती या आठवड्यात?" मी म्हटलं, माझ्या मांडीवर झोपली होती. तो म्हणाला, "झोपली नव्हती गं. पडली होती." मी पुढे दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो बरोबर होता.

वहिनी म्हणाल्या, मुक्या जनावराला सुई देऊन मारायचं म्हणजे पाप, देव नेईल तेव्हा नेईल. मी त्यांना उलट बोलले नाही, त्यांनी माझी बाळंतपणं काढली आहेत. पण किडनीनं जाणारं मांजर झोपेत शांत जातं ही समजूत खरी नाही, हे मी इथे लिहीन. रक्तात विष साठतं, तोंडात फोड येतात, सतत मळमळतं, खायची इच्छा असून तोंड लावता येत नाही, शेवटी झटकेही येऊ शकतात. आपण काही केलं नाही म्हणजे आपण ठरवलं नाही, असं होत नाही. उपास घडवून वाट बघणं हेही ठरवणंच आहे.

श्रावण लागला. घरात मासे बंद, पण ठकीपुरते बोंबील मी आणले. तिनं नाक जवळ नेलं आणि मान फिरवली. मशीनवर ती जूनपासूनच चढत नव्हती. मी उचलून ठेवायचे आणि ती चढली असं धरायचे. म्हणजे दोन गेल्या होत्या, आणि मी फोन केला नाही.

रविवारी, ३ ऑगस्टला, खडूच्या खुणांवर काटा ठेवला, कापड, शून्य. तिला उचलून ठेवली. २.२८०. मी वहीत लिहिलं आणि तिच्या उतरण्याची वाट बघत बसले. ती उतरली नाही. पुढचे पाय आत घेऊन, मान खाली घालून बसून राहिली. अंगाचे केस चिकटून टोकं टोकं झाली होती, चाटणं तिनं केव्हाच सोडलं होतं. साठ सेकंद झाले, आकडा विझला. ती तशीच. मी म्हटलं, ठके, झालं गं, ऊठ. कान हलला नाही. मी बराच वेळ त्या काळ्या खिडकीकडे बघत होते, मग तिथूनच, जमिनीवर बसूनच, डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर बुधवारी सकाळी अकराला घरी आल्या. घरी यायचे अडीच हजार घेतले, पण पिंजरा, रिक्षा, दवाखान्यातली कुत्री हे काही तिच्या वाट्याला आलं नाही, तेव्हा शक्य असेल तर घरीच बोलवा. काय होणार ते त्यांनी आधी सगळं सांगितलं. पहिली सुई गुंगीची, दहा-पंधरा मिनिटांत झोप लागेल. मग पायाचे थोडे केस काढून शिरेत भुलीच्याच औषधाचा मोठा डोस. डोळे मिटणार नाहीत, घाबरू नका. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होईल, लघवी होईल, ते तिला जाणवत नसतं. हे सगळं आधी ऐकलं होतं म्हणून मी तिच्याजवळ बसू शकले.

औषध भरताना त्यांनी विचारलं, "वजन किती आहे आत्ता?" मुलानं काटा आणला. २.२५५. कापडासकट तिला उचलून मांडीवर घेतली, त्याच कापडावर ती गेली. मुलगा आणि मी दोघंही होतो. वहिनी दाराबाहेर उभ्या होत्या, मग आत आल्या आणि तिच्या तोंडाला पाणी लावलं.

मालाडला कोंडवाड्याच्या जागेत महापालिकेनं २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली आहे. पैसे लागत नाहीत. आधी चौकशी करून ठेवा, त्या दिवशी फोन लावत बसायचं त्राण नसतं.

काट्याला पाचपैकी चार. एक कमी केला तो आपोआप बंद होण्यासाठी. सेल दीड वर्षात दोनदाच बदलले, आकडा शेवटपर्यंत खरा दाखवला. घेणार असाल तर बरोबर एक दोनशे पानी वही घ्या आणि टिंबं जोडत जा. आणि मांजर आठ-नऊ वर्षांचं झालं की लगेच सुरू करा, माझ्यासारखी मणके लागायची वाट बघू नका.

सध्या काटा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आहे. त्यांचा बोका तेरा वर्षांचा आहे, अंगानं चांगला. परवा पहिलं वजन घेतलं, ४.१२०. मी त्यांना सांगितलंय, दुधाच्या आधी करायचं, आणि कापड घातलं असेल तर दार वाजलं तरी उठायचं नाही.