बीएलएमची फुकट जागा की स्टेट पार्क?
अ‍ॅरिझोनात हिवाळ्यात एकट्यानं कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन फिरायचं तर क्वार्टझसाइट गावाजवळची बीएलएमची, म्हणजे अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याची सरकारी जमीन नाहीतर लॉस्ट डचमनसारखं स्टेट पार्क. बीएलएमवर भाडं शून्य, १४ दिवस राहता येतं, पण नळ नाही, वीज नाही, कचराही आपणच न्यायचा, आणि एकटं असलं की रिव्हर्स घेताना मागे बघायला कोणी नसतं म्हणून आधी उतरून वाळू पायानं दाबून बघायची, टायर रुतला तर बसा बोंबलत. पार्कात पैसे मोजा पण वीज, शॉवर आणि समोर सुपरस्टिशनचे डोंगर, फक्त सीझनमधे बुकिंग मिळेल तर शपथ! पहिल्यांदा जाताय तर पार्कच घ्या, पाण्याची टाकी किती दिवस पुरते कळलं की मग खुशाल बीएलएम. जुलैत मात्र दोन्ही नको, ट्रेलरची भट्टी होते.