'द लाइटहाउस' आणि तांबडा दिवा

म्हापशात आमचा फोटो स्टुडिओ होता, बाबांनी काढलेला. त्यामुळे हल्लीचा कुणी कृष्णधवल सिनेमा काढला की गोष्टीआधी मी चेहरे बघतो. बहुतेक वेळा निराशाच. 'द आर्टिस्ट'ला 5 ऑस्कर मिळाली, सिनेमा गोडच आहे. पण तो रंगीत फिल्मवर घेऊन मागाहून रंग काढलेला. त्यातला करडा मला पाणी वाढवलेल्या हुमणासारखा, म्हणजे माशांच्या पातळ आमटीसारखा लागला.

'द लाइटहाउस' (2019) हा दीपगृहाच्या दोन रखवालदारांचा कृष्णधवल सिनेमा बघताना मात्र मी उठून टीव्हीजवळ गेलो. नट विलेम डॅफोच्या गालावरची शीर न् शीर काळपट, कातडी सुक्या सुंगटासारखी (कोळंबीसारखी). ही ऑर्थो (ऑर्थोक्रोमॅटिक) या जुन्या कृष्णधवल फिल्मची खूण! जुन्या ऑर्थोला तांबडा रंग दिसतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये तांबडा दिवा लावून बिनघोर काम करता यायचं. आणि म्हणूनच बाबांच्या जुन्या प्लेटांवरून (काचेच्या निगेटिव्हवरून) काढलेल्या फोटोंत नवरीचं कुंकू काळं ठिक्कर, ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. मग निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवत बसायचं. जी खोड झाकता झाकता बाबांचे डोळे गेले, ती इथे मुद्दाम आणलीय. छायाचित्रकार जॅरिन ब्लाश्कीने 35 मिमी कृष्णधवल फिल्म घेतली, तांबडा प्रकाश अडवणारा फिल्टर खास बनवून घेतला, भिंगंही 1930च्या दशकातली. फिल्टर उजेड खातो, त्यामुळे कंदिलात जबर दिवे घालावे लागले.

चौकट जवळजवळ चौरस, 1.19:1, बोलपट नुकते आले तेव्हाची. भाच्याने विचारलं, "मामा, टीव्ही बिघडला काय?" दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ना! पण उभा मनोरा आणि त्यात कोंडलेले दोन पुरुष. रुंद पडदा हवाय कशाला?

तक्रारी आहेत. दीपगृहाचा तो भोंगा! पणजी-बेती फेरीबोटीचा भोंगा पावणेदोन तास कानाशी धरल्यासारखा. इंग्रजी जुन्या खलाशांचं, सबटायटल्स लावाच. शेवटाकडे वेडाचार इतका वाढतो की मी दोनदा चहाला उठलो. पोरांबाळांत बसून बघायचा तर हा सिनेमा नव्हेच.

टीव्हीचा 'विविड' मोड बंद करा, नाहीतर सगळे करडे जातात आणि दाढ्या चुना लावल्यासारख्या दिसतात. खोलीतले दिवेही घालवा. दुसऱ्यांदा बघताना मी कोपऱ्यात स्टुडिओतला तांबडा बल्ब लावला होता. काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं, पण असो.