लोअरिंग स्प्रिंगच्या नावाखाली माझ्याच जुन्या स्प्रिंगा कापून दिल्या

जुनी सेडान घेऊन खिशाला झेपेल तशी हळूहळू नीट करायची, जमलं तर थोडी खाली बसवायची, बरे अलॉय टाकायचे असा बेत बऱ्याच जणांचा असतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला एका मॉडिफिकेशनवाल्याने पद्धतशीर गंडवलंय. नाव देत नाही, कारण भांडण अजून चालू आहे आणि नाव कळून तुम्हाला तसा फायदाही नाही, हीच ट्रिक दुसऱ्या बोर्डाखाली पण चालते.

गाडीचं इंजिन ठणठणीत. सस्पेन्शन मात्र गेलेलं, खड्ड्यात पुढून खडखड आणि स्पीडब्रेकर ओलांडला की मागचा भाग नंतरही डुलत राहायचा. म्हणजे शॉकअप, लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), लिंक रॉड हे करायचंच होतं, शौक म्हणून नाही. तो म्हणाला, साहेब खोलतोच आहोत तर लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या वेगळ्या स्प्रिंगा) पण टाकून घ्या, मजुरी एकदाच पडेल. आता यात खोटं काही नाही बरं का, पुढचा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला भाग) उतरवला की स्प्रिंग बाहेर येतेच, वेगळी मजुरी खरंच लागत नाही. म्हणूनच असल्या बोलण्यावर संशय येत नाही.

मग त्याने सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगितला. शॉकअप, स्प्रिंगा, बुश, वर अलॉय आणि टायर, सगळं 'पॅकेज'. कुठल्या पार्टचे किती आणि मजुरी किती ते लिहून द्या म्हटलं तर म्हणे सुटं सुटं केलं की महाग पडतं, पॅकेजमध्येच परवडतं. सगळा खेळ इथेच असतो हे नंतर कळलं, कागदावर पार्ट नंबर नाही म्हटल्यावर उद्या अमुक पार्ट बसवलाच नाही हे सिद्ध कशावरून करणार?

काम चालू असताना व्हॉट्सॲपवर सीलबंद खोक्यांचे फोटो यायचे, छान वाटायचं. आणि एक दिवस फोन, साहेब स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) लीक आहे, ऑइल गळतंय, आत्ताच सांगा नाहीतर परत खोलायला लागेल. सोबत तेलाने माखलेल्या रॅकचा फोटो. माझ्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आहे! त्याच्या रॅकमध्ये हायड्रॉलिक ऑइल नसतंच, गळणार काय, हवा? तसं म्हटलं तर लगेच, अहो पोराने दुसऱ्या गाडीचा फोटो पाठवला चुकून. त्याच क्षणी गाडी उचलून आणावीशी वाटली पण आणणार कशी, चारही चाकं काढलेली, स्ट्रट बाहेर पडलेले, ॲडव्हान्स त्याच्या खिशात. गाडी खोलून ठेवली की मालक अडकतो हे यांना पक्कं माहीत असतं, म्हणून असे फोन कायम काम अर्धवट असतानाच येतात, गाडी तपासायला नेता तेव्हा कधीच नाही.

गाडी मिळाली तेव्हा दिसायला एक नंबर. खाली बसलेली, चाकामागून लालभडक स्प्रिंगा दिसतायत. पण पूर्ण स्टीअरिंग वळवलं की पुढून 'टंग' असा आवाज, जरा मोठा खड्डा आला की धाडकन खाली आपटायची आणि 80 च्या पुढे गेलं की स्टीअरिंग थरथरायचं. विचारलं तर ठरलेलं उत्तर, नवीन स्प्रिंग आहे साहेब, सेट व्हायला वेळ लागतो. (स्प्रिंग नवीन असताना थोडीशी बसते हे खरं आहे, पण आवाज करून बसत नाही.)

शेवटी एका अलाइनमेंटवाल्या काकांकडे नेली. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, चाकं लोंबकळली आणि काकांनी पुढच्या स्प्रिंगला हात घालून ती चक्क फिरवून दाखवली. स्प्रिंग हाताने फिरायलाच नको! चाक पूर्ण लोंबतं तेव्हासुद्धा ती वरच्या-खालच्या सीटच्या (स्प्रिंग टेकते त्या वाट्यांच्या) मधे दाबलेलीच असायला हवी. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरने लाल रंग खरवडला. खाली कंपनीचा काळा रंग, त्याच्यावर गंजाचे पोपडे आणि गंजावरच स्प्रे मारलेला. स्प्रिंगचं टोक तर बघण्यासारखं होतं, चौकोनी कापलेलं, ग्राइंडरच्या रेघा स्पष्ट आणि कडेला निळसर झाक, म्हणजे कापताना तापवलेलं. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक सीटमध्ये नीट बसेल अशा बेताचं असतं, हे नुसतंच सीटवर टेकलेलं. काका म्हणाले, "अरे बाबा, ही तुझीच स्प्रिंग आहे, फक्त कापून दिलीय तुला."

कापली तर बिघडलं काय, गाडी खाली बसलीच ना, असं काही जण म्हणतील म्हणून थोडं खोलात सांगतो. स्प्रिंगचा कडकपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. काम करणारी वेटोळी 6 असतील आणि त्यातलं 1 कापलं तर उरलेली स्प्रिंग 20 टक्के कडक होते. कडक झाली तरी दबायला जागा कमी उरते त्यामुळे शॉकअप बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) जाऊन आदळत राहतो आणि स्प्रिंग सैल असल्यामुळे मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं की ती जागेवरून सरकू शकते. गॅस कटरने कापली असेल तर तापलेल्या भागातल्या स्टीलचं टेंपरिंग (कारखान्यात उष्णता देऊन आणलेली मजबुती) पण गेलं, तिथून तुटण्याचा धोका. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगची वेटोळी पहिल्यापासूनच वेगळ्या हिशोबाने वळवलेली असतात आणि सहसा वेटोळ्यावर पार्ट नंबर छापलेला असतो. माझ्या स्प्रिंगांवर नंबर कुठून असणार, नुसता लाल रंग.

पुढे शॉकअप. त्याने मला 'पुरावा' म्हणून रिकामी खोकी दिलेली, ती डिकीतच होती. काकांनी दोन्ही पुढच्या खोक्यांची लेबलं शेजारी धरली, दोन्हींवर तोच पार्ट नंबर आणि दोन्हींवर 'पुढचा डावा'! या गाडीत डावा-उजवा स्ट्रट वेगळा येतो कारण ब्रेकच्या पाइपची क्लिप आणि लिंक रॉडचा ब्रॅकेट उलट्या बाजूंना असतात. म्हणजे खोकी कुठल्या तरी दुसऱ्या गाड्यांच्या कामातून जमवलेली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच फिरवत असणार. गाडीवर होते ते माझेच जुने शॉकअप, खालच्या बाजूला भोक पाडून जाड ऑइल भरायचं, भोक वेल्डिंगने बुजवायचं आणि वरून काळा रंग, याला रिकंडिशन म्हणतात. काही दिवस गाडी टाइट वाटते, मग परत तेच. वेल्डिंगचा फुगवटा बोटाला लागत होता. धुळीचं रबर वर सरकवलं तर रॉडवर गंजाचे बारीक खड्डे, असल्या रॉडवर ऑइल सील टिकतच नाही, कितीही ऑइल भरा.

टायर त्याने 'जवळपास नवीन' म्हणून दिले होते, पॉलिश मारून काळेकुळकुळीत. टायरच्या बाजूला डॉट कोडच्या शेवटी 4 आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. हा पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि पठ्ठ्याने चारही टायर ती बाजू आत करून बसवलेले. गाडीखाली वाकून टॉर्चने वाचलं तेव्हा चार टायर दोन वेगवेगळ्या सालांचे निघाले, दोन्ही सालं मला सांगितलं होतं त्याच्या बरीच आधीची.

अलॉयचं मधलं भोक 73.1 मिमी आणि गाडीचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) 54.1 मिमी, मधे सेंटरिंग रिंग बसवायला पाहिजे ती नाहीच, ती अगदी फुटकळ वस्तू आहे. थरथर त्याचीच, म्हणून बॅलन्सिंग कितीही केलं तरी जात नव्हती. एका अलॉयला आतल्या बाजूने तडा गेलेला तो वेल्ड करून वर सिल्व्हर रंग मारलाय. बाहेरून काही कळत नाही.

हे सगळे फोटो घेऊन गेलो. आधी म्हणे लोअरिंग असंच करतात सगळीकडे. मग म्हणे पार्ट मी नाही बदलले, पोराने केलं असेल, तो पोरगा आता सोडून गेला. मग आवाज चढवला. सुदैवाने खोक्यांचे फोटो, रॅकचा फोटो आणि 'चारों शॉकअप नया डाला है' असा त्याचा स्वतःचा मेसेज माझ्याकडे आहे. काकांनी त्यांच्या लेटरहेडवर काय काय सापडलं ते लिहून दिलंय. त्यावर थोडे पैसे परत आलेत, बाकीच्यासाठी ग्राहक तक्रार टाकली आहे.

गाडी टाकायच्या आधी शॉकअप, स्प्रिंग आणि बुशवर कोपऱ्यात, चटकन दिसणार नाही अशा जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. जुने पार्ट परत पाहिजेत हे पहिल्या दिवशीच सांगा, चार लोकांसमोर, आणि मिळाले की ठिपका आहे का बघा. नाही म्हणाला किंवा 'भंगारवाला घेऊन गेला' असं आधीच बोलून ठेवलं तर गाडी तशीच वळवा. खोकी आपल्यासमोर फोडायला सांगायची, लेबलवरचा नंबर आपल्या चेसिस नंबरप्रमाणे बरोबर आहे का ते त्या कंपनीच्या कुठल्याही पार्ट काउंटरवर कळतं. आणि बजेट कमी असेल तर लोअरिंग सोडा की राव, त्याच पैशात चांगले साधे शॉकअप आणि बुश येतात, गाडी नव्यासारखी चालते. मी आता तेच केलंय, मोडीत निघालेल्या गाडीच्या कंपनी स्प्रिंगा आणि नवीन शॉकअप.

ज्यांनी अशाच 'पॅकेज'मध्ये काम करून घेतलंय त्यांनी आजच स्टीअरिंग पूर्ण वळवून चाकामागे टॉर्च मारा आणि स्प्रिंगचं टोक बघा. टोकावर ग्राइंडरच्या रेघा दिसल्या किंवा ते सीटच्या खाचेत बसलेलं नसलं तर बदलेपर्यंत हायवेला नेऊ नका.