समुपदेशन केंद्रातील चार बैठका: एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

आमच्या विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी लिंगभाव, आत्मसन्मान आणि ताणाला सामोरे जाण्याच्या पद्धती या विषयांवर चार विनामूल्य बैठका घेतल्या. त्या सर्व बैठकांना मी गेले होते.

पहिल्या बैठकीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांची १९७४ सालची, ६० गुणविशेषांची प्रश्नावली भरून घेतली. त्यात ‘स्वावलंबी’ हा गुण पुरुषांच्या रकान्यात पाहून मी अस्वस्थ झाले, कारण वडिलांच्या पश्चात आमची शेती आईनेच सांभाळली आहे. समुपदेशक मॅडमनी शांतपणे समजावले की हे रकाने त्या काळच्या अमेरिकी समाजाच्या अपेक्षा नोंदवतात, आणि दोन्हींकडचे गुण एकाच व्यक्तीत नांदू शकतात, हेच बेम यांना दाखवायचे होते.

दुसरी बैठक मात्र फसली. समाजशास्त्रज्ञ रोझेनबर्ग यांच्या, आत्मसन्मान मोजणाऱ्या प्रश्नावलीत दहा विधाने असून त्यांतील पाच नकारार्थी आहेत. मराठी अनुवादात ‘नाही’ असलेल्या विधानापुढे ‘असहमत’ लिहिताना आम्हा अनेकांचा गोंधळ उडाला, आणि गुण कमी आल्याने काहीजण उगाच खचले. केंद्राने हा अनुवाद तातडीने सुधारायला हवा.

तिसरी बैठक सर्वांत मोलाची ठरली. मानसशास्त्रज्ञ लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेला, ताणाला सामोरे जाताना समस्येवर उपाय करणे आणि भावना सावरणे हा भेद तेथे समजला. गटातले बोलणे बाहेर न्यायचे नाही असे ठरले असल्याने मी फक्त माझे सांगते. शिष्यवृत्ती रखडली तेव्हा मी मैत्रिणीजवळ रडत असे आणि त्यालाच माझा दुबळेपणा समजत असे. मॅडमनी रडण्याला नावे ठेवली नाहीत. मन हलके झाल्यावर कार्यालयात लेखी अर्ज देण्याची तयारी माझ्याकडून करून घेतली. मुलींनी सोसायचे आणि मुलांनी बोलायचे नाही, या शिकवणुकीचा दोघांनाही किती जाच होतो, हे मला त्या दिवशी कळले.

चौथी बैठक उजळणीची होती.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. बैठका साडेपाच ते साडेसात चालत आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सात वाजता बंद होते, त्यामुळे आम्हाला दर वेळी शेवटची चर्चा सोडून उठावे लागले. वैयक्तिक भेटीसाठीही तीन आठवडे थांबावे लागते. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक केंद्राने दिला आहे. पुढील गटात नाव नोंदवणाऱ्या मुलींनी दुपारची वेळ आधीच लेखी मागून घ्यावी.